शहापूरचे डोळे

त्र्यंबक टिपणीस मेलेल्या माणसांचे डोळे उघडून देत असे.

ठाण्याला स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत तो कामाला होता. राहायला नौपाड्यात, दोन खोल्यांत. मुंबईला चित्रकला शिकायला गेलेला, पण वडील अचानक गेले आणि दोन वर्षांतच परत आला. स्वभावाने मवाळ, कपडे साधे, पान-तंबाखू काही नाही. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यात डावी पापणी जराशी उतरली ती तशीच राहिली. त्याची बायको हेमा म्हणायची, "एका डोळ्यानं झोपता नि एका डोळ्यानं पहारा करता. चोराला कळायचं नाही, यावं का जावं."

त्या काळात घरातलं माणूस जिवंत असताना त्याचा फोटो काढून ठेवावा, असं फार घरांत सुचत नसे. माणूस गेलं की मग धावपळ. फोटोवाल्याला बोलावणं जायचं, गेलेल्याला भिंतीला टेकवून बसवायचं, डोक्याला पागोटं, अंगात कोट, आणि तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटीवरून फडकं बांधायचं. फोटो तेव्हा काचेच्या पट्टीवर उतरे; त्या काचेवरून मोठा कागद छापून त्र्यंबकच्या टेबलावर येई. मग त्याचं काम सुरू. हनुवटीचं फडकं रंगाखाली घालवायचं, केस नीट करायचे, आणि मिटलेल्या पापण्यांवर बारीक कुंचल्याने डोळे काढायचे. पाण्यातलेच रंग, पण हात असा की कुठे कुंचला फिरलाय ते कळू नये. सगळ्यांत शेवटी चाकूच्या टोकाने बुबुळावर एक पांढरा ठिपका खरवडायचा. तो ठिपका पडला की कागदावरचा माणूस बघायला लागायचा. मालक श्रीपादराव गिऱ्हाइकांना सांगत, "आमचा टिपणीस माणूस परत आणून देतो."

ठाण्यातलं गिऱ्हाईक असेल तर त्र्यंबक गेलेल्याच्या भावाला, मुलाला समोर बसवून डोळ्यांची ठेवण बघून घेई. पण बाहेरगावच्या कामाला कोण येणार? मग टेबलावर दाढीचा आरसा उभा केलेला असे. पापणीची सावली कुठे पडते, बुबुळ किती झाकतं, ते तो त्यात बघे. हेमा एकदा डबा घेऊन गेली तेव्हा तिने ते पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "बायका नटायला आरसा बघतात असं ऐकलं होतं. पुरुषमाणूस दिवसभर बघतो, ते आज पाहिलं."

बाहेरगावची कामं बहुतेक शहापूरची. तिथल्या बाजारात गोपीनाथ नावाचा एकजण तसबिरींना काच आणि चौकट बसवायचा. त्याने कुठूनसा एक कॅमेरा मिळवला होता. पंचक्रोशीत कुणी गेलं की गोपीनाथ सायकल काढायचा, आणि दोन-तीन महिन्यांनी बिस्किटांच्या डब्यात काचा भरून ठाण्याला यायचा. सहा वर्षांत त्र्यंबकने शहापूरचे तीस-चाळीस लोक तरी उघडले असतील. तो स्वतः मात्र शहापूरला कधी गेला नव्हता.

त्रेपन्न साली पितृपक्ष लागला आणि गोपीनाथ आला. डबा नव्हता. स्टुलावर बसून बराच वेळ टोपी फिरवत राहिला.

"साहेब, एक काम हाय. पण उलटं हाय."

"उलटं म्हणजे?"

"डोळे मिटून द्यायचे."

श्रीपादराव आतून हसले. "अरे, उघडायचे पैसे घेतो आम्ही. मिटायचं काम देव फुकट करतो."

गोपीनाथ हसला नाही. त्याने सांगितलं ते असं. आवडाबाई म्हणून एक कुणबी बाई, नवरा नाही, एकुलता एक मुलगा, उत्तम नावाचा. तीन वर्षांमागे भाताच्या खाचरात त्याला जनावर चावलं, तो बांधावरच गेला. त्याची तसबीर त्र्यंबकनेच केलेली. पहिले काही महिने म्हातारी तिच्यासमोर बसून असायची. मग हळूहळू तोंड फिरवून बसायला लागली. आता ज्या खोलीत तसबीर आहे तिथे ती घास तोंडात घालत नाही. गोठ्यात बसून कुणी देईल ते दोन घास खाते. पार काडी झाली आहे.

"काढून ठेव म्हणावं," श्रीपादराव म्हणाले.

"सांगून बघितलं. म्हणते, पोराला अडगळीत टाकू का? एकच फोटो हाय त्याचा. घराबाहेर काढू देत नाय, ठाण्याला पाठवायला तयार नाय. म्हणते, ज्यानं उघडले त्यानं इथं येऊन मिटावे. सर्वपित्रीला पोरासमोर बसून जेवायचं हाय तिला. यंदा ते झालं नाय तर अन्नच सोडते म्हणाली, आणि साहेब, ती बोलते ते करते."

"पण खोड काय काढते ती?" त्र्यंबकने विचारलं. त्याला कामाचा अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. "बुबुळं बरोबर नाहीत? तिरळा दिसतो?"

गोपीनाथने त्याच्याकडे पाहिलं आणि टोपीकडे पाहिलं. "म्हणते, तो मला वळखत नाय."

सर्वपित्री अमावास्येला दुकान बंद असे. त्र्यंबकने लाकडी पेटीत कुंचले, काळा-पांढरा रंग, चाकू, कापूस भरला. तिची समजूत घालावी, वाटलंच तर नजर थोडी मऊ करून द्यावी, असा त्याचा बेत होता. हेमाने अमावास्येचं जाऊ नका म्हणून बघितलं, मग दह्यात साखर घालून हातावर ठेवली.

कल्याणला गाडी बदलून तो कसाऱ्याच्या गाडीत बसला. खडवली गेलं तशी नदी लाल वाहताना दिसली, आणि वाशिंद सोडल्यावर डावीकडे माहुलीचा डोंगर उभा राहिला. मधोमध ते सुळके, बोटं वर केल्यासारखे. शहाजीराजांनी शेवटी इथेच तग धरला होता, हे शाळेत शिकलेलं त्याला आठवलं. आसनगावला तो एकटाच उतरला. न्यायला येतो म्हणालेला गोपीनाथ आला नव्हता. तो हिवतापाने पडला होता, हे नंतर कळलं.

पाऊस संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पोटऱ्यांवर आलेलं भात, पलीकडे तानसाचं राखीव रान, काळंहिरवं, डोंगराच्या पायापर्यंत. ऊन होतं, पण रानातून पक्ष्याचा आवाज नव्हता. समोरून एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती. त्र्यंबकजवळ आल्यावर थांबली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, भारा खाली उतरवला, पदर सारखा केला आणि वाकून नमस्कार केला. मग काही न बोलता भारा पुन्हा डोक्यावर घेऊन गेली. भारा एकटीने उचलणं सोपं नव्हतं, पण तिने त्याला हात लावायला सांगितलं नाही. तलाठी वाटलो असेन, असं त्र्यंबकने मनाशी म्हटलं.

शहापूरच्या बाजाराच्या रस्त्याला लागला तेव्हा बारा वाजले असतील. एवढं तालुक्याचं गाव, पण रस्ता रिकामा. घराघरांच्या कौलांवर केळीच्या पानांवर नैवेद्य मांडलेले: वडा, खीर, भोपळ्याची भाजी. कावळे होते. ओळीने कौलांच्या कडांवर बसलेले होते. पानाकडे एकही येत नव्हता. ओटीओटीवर माणसं हात जोडून वर बघत उभी होती.

पहिल्याच घराच्या ओटीवर एक पन्नाशीचा गृहस्थ "काव, काव" करत होता. त्र्यंबकला पाहून त्याचा आवाज बंद झाला.

"या," तो म्हणाला. "उशीर केलात."

गोपीनाथने सांगून ठेवलं असणार. त्र्यंबक म्हणाला, "आवडाबाईंचं घर कुठलं?"

"तिकडंही जाल. आधी पाय धुवा."

घरातून तांब्या आला, पाट आला, पान आलं. शहापूरसारख्या गावात परक्या माणसाला पहिलं विचारतात, नाव काय, कुठले, कुणाकडे. इथे कुणी काही विचारलं नाही. आज दारी आलेल्याला उपाशी धाडत नाहीत, हे त्र्यंबकला माहीत होतं, म्हणून तो बसला. समोर चौरंगावर झेंडूची माळ घातलेली तसबीर होती. पागोटेवाला म्हातारा. त्याने काम ओळखलं. हनुवटीचं फडकं घालवायला याच्या उपरण्याचा काठ वर ओढून घेतला होता, दोन दिवस लागले होते. त्याला बरं वाटलं.

त्याने वड्याचा तुकडा मोडून तोंडात घातला. त्याच क्षणी कौलावर पंखांची फडफड झाली. कावळा पानावर उतरला होता. घरातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. घरधनी डोळे पुसत होता. त्याची बायको वाढता वाढता हळूच म्हणाली, "खीर कमी गोडाची केलीय. तशीच लागायची ना?"

"हो," त्र्यंबक म्हणाला. अन्नाला नाव कशाला ठेवायचं, म्हणून म्हणाला. पण ती बाई मान डोलवून नवऱ्याकडे अशी पाहू लागली, की आपण कशाला तरी हो म्हणून बसलो, असं त्याला वाटलं.

तो उठला तर शेजारच्या घराचं दार उघडं होतं. "आता आमच्याकडं." तिथेही पाट मांडलेला. नको म्हटलं तर म्हातारी पाया पडू लागली. तिथेही तसबीर होती, एका व्यापाऱ्याची. तिथेही त्याने घास घेतला आणि कौलावर फडफड झाली. तिसऱ्या घराची माणसं तर रस्त्यावरच उभी होती. पलीकडच्या ओटीवरून कुणी कुणाला हळू आवाजात सांगितलं, "घाई नका करू. सगळीकडं जायचंय त्यांना."

तिसऱ्या घरात दोन तसबिरी शेजारी शेजारी होत्या. एक नऊवारीतली, मोठ्या कुंकवाची म्हातारी. दुसरा पोरसवदा तरुण, गळ्याशी बटण लावलेला. दोन्ही त्याचीच कामं, पण वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने केलेली. त्याने ती एकत्र कधी पाहिली नव्हती. म्हातारीचे डोळे आणि तरुणाचे डोळे एक होते. बायकी चेहऱ्यात ते पुरुषाचे डोळे बसवल्यासारखे दिसत होते. दोघांचीही एक पापणी जराशी उतरलेली. त्र्यंबकने नकळत आपल्या डाव्या पापणीला बोट लावलं. समोरच्या दोन्ही तसबिरींत ती पापणी त्याच बाजूला होती, आरशात दिसावी तशी.

पहिल्या घरातला पागोटेवाला. तो व्यापारी. त्याने मनातल्या मनात त्यांचे चेहरे पुन्हा पाहिले. हातातला घास त्याने पानात परत ठेवला. घरच्या बाईने हळूच विचारलं, "सुखी आहात ना?" तो पाटावरून उठला, पेटी उचलली आणि मान खाली घालून बाहेर आला. रस्त्याने दोन्ही बाजूंची दारं उघडी होती आणि प्रत्येक चौरंगावरून कुणीतरी त्याच्याकडे बघत होतं. ते कोण बघतंय हे आता त्याला माहीत होतं.

आवडाबाईचं घर गावाबाहेर, राखीव रानाच्या कडेला. कौलावर पान नव्हतं. ती गोठ्याच्या दाराशी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. गोपीनाथ म्हणाला ते खरं होतं, काडीच झाली होती. त्र्यंबक अंगणात आला तसा तिने वर पाहिलं. नमस्कार केला नाही, पाट मांडला नाही.

"तूच का तो," ती म्हणाली.

"मी ठाण्याहून..."

"कुठनं का असना. तीन वर्सं माज्या घरात बसून माज्याकडं बगतोस." तिच्या आवाजात राग नव्हता. "गावातली म्हनतात, आमचे आले, आमचे आले. त्यांच्या घरी गेलास ना?"

"गेलो. जेवायला बसवलं."

"बसवनारच. त्यांना वळख पटली. मला नाय पटली. माजा उत्तम माज्याकडं असा परक्यासारका कदी बगला नाय. मी भाकर मोडली की वाटायचं, घरात कुनी वाटसरू बसलाय, त्याला न देता खाते मी. पोराच्या तोंडात परका मानूस. जेवू कशी?"

त्र्यंबकने पेटी खाली ठेवली. तो म्हणाला, "माझेच डोळे आहेत ते. मुलाचे मी कधी पाहिले नव्हते. आरशात बघून काढले. सगळ्यांनाच."

"मग तुजं तू घेऊन जा. माजं मला ऱ्हाऊ दे."

तिने त्याला आत नेलं. खोलीत अंधार होता. तसबीर खिळ्यावरून काढताना त्याने तसबिरीतल्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं. दाराशी उजेडात बसून त्याने मागचे खिळे उपसले, काच उचलली. रंग पाण्याचेच, तीन वर्षांपूर्वीचे. पापण्या नव्याने रंगवायच्या म्हणून त्याने कुंचला ओला केला, मग थांबला, आणि त्याऐवजी कापूस भिजवून पिळला.

उजव्या डोळ्यावर त्याने कापूस ठेवला, हळूहळू फिरवला. कापसाला काळं लागलं. बुबुळ पसरलं, आणि काही वेळ चेहऱ्यावर डोळ्याच्या जागी नुसता डाग राहिला. त्या वेळी त्र्यंबकचा स्वतःचा उजवा डोळा पाण्याने भरून आला, त्याला धूसर दिसू लागलं. दाराच्या चौकटीला हात लावून तो थोडा वेळ तसाच बसला. "पुस," मागून आवडाबाई म्हणाली, "सोडू नको." त्याने दुसरा कापूस घेतला.

रंग गेला आणि खालून पापणी वर आली. मिटलेली, लांब केसांची, कडेला सुकलेल्या पाण्याची पुसटशी रेघ असलेली. गोपीनाथच्या काचेने ती तंतोतंत टिपली होती. त्र्यंबकला आठवेना, आपण ही पापणी कधी नीट पाहिली होती का. त्याच्याकडे आलेला प्रत्येक चेहरा त्याने झाकायची जागा म्हणूनच बघितला होता.

चाकूने खरवडलेले दोन ठिपके मात्र राहिले. कागदच तिथे गेला होता. दोन्ही पापण्यांवर एकेक पांढरा कण. त्याने सर्वांत बारीक कुंचल्याने ते भरले. ऊन अंगणातून निम्मं सरकलं तेव्हा त्याने तसबीर तिच्यापुढे धरली.

आवडाबाईने ती दोन्ही हातांत घेतली. नाकाजवळ नेली. "झोपलाय," ती म्हणाली. "असाच झोपायचा, हात डोक्याखाली घेऊन. हात नाय आलेला." मग तसबीर चौकटीत बसायची वाट न बघता तिने ती भिंतीला टेकवून ठेवली, चुलीवरची भाकर आणली, आणि तिच्यासमोर मांडी घालून जेवायला बसली. त्र्यंबकने पाठ फिरवून काच पुसायला घेतली. मागून चावण्याचा आवाज येत होता, सावकाश, एक घास झाला की थोडं थांबून दुसरा. तो आवाज थांबू नये म्हणून त्याने काच पुष्कळ वेळ पुसली.

निघताना तो म्हणाला, "गावातल्या लोकांनाही सांगावं लागेल. त्यांचेही पुसून देतो."

"देनार नायत."

"सांगून तर बघतो."

"सांग." तिने हात धुतले. "तुला एक इचारते. तू गेलास की तुजे डोळे तुजी मानसं मिटतील. हे गावातले कोन मिटील?"

त्र्यंबकने पेटी उचलली. उत्तराची वाट न बघता ती भांडं घासायला बसली.

परतताना तो पहिल्या घरी थांबला. घरधनी ओटीवर सुपारी कातरत होता. त्र्यंबक म्हणाला, "तसबीर थोडी उतरवून द्या. रंग सुधारायचा आहे." त्या माणसाने सुपारी खाली ठेवली, हात जोडले आणि दार आणि त्र्यंबक यांच्या मध्ये उभा राहिला. "नका नेऊ," तो म्हणाला. "आजच तर आलेत. इतकी वर्सं कावळा शिवला नव्हता." पुढच्या दोन घरांनी त्याचा शब्द पुरता ऐकलाही नाही, फडक्यात वडे बांधून हातात दिले. चौथ्या घरी तो गेलाच नाही.

गोपीनाथ दिवाळीनंतर बरा होऊन ठाण्याला आला. त्र्यंबकने त्याला विचारलं, "तू सगळ्या तसबिरींना काच बसवलीस. तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. दुसऱ्या-तिसऱ्यालाच दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठावं हाय." गोपीनाथने डबा पुढे केला. "आवडाबाई जेवते, साहेब. अंग धरलंय तिनं."

डब्यात दोन काचा होत्या. त्र्यंबकने त्या केल्या, पण डोळे मिटलेलेच ठेवले. श्रीपादराव चिडले, गिऱ्हाईक तुटेल म्हणाले, आणि तसं तुटलंही. पुढे त्र्यंबककडे लग्नाच्या फोटोंचं काम आलं, जिवंत माणसांचं. ते तो मन लावून करी. टेबलावरचा आरसा त्याने घरी आणून हेमाला दिला.

पुढच्या वर्षी सर्वपित्री आली. हेमाने सकाळपासून सासऱ्यांसाठी स्वयंपाक केला होता. नैवेद्य दाखवून झाला, बाराच्या सुमाराला पानं मांडली. त्र्यंबक पाटावर बसला, चित्राहुती घातली, भातावर वरण घेतलं. आणि हात तसाच राहिला.

"गार होतंय," हेमा म्हणाली.

त्याने एक घास उचलला आणि खाली ठेवला. त्याच्या तोंडाला पाणी सुटत नव्हतं. जिभेवर शहापूरची कमी गोडाची खीर होती. एकामागून एक कुणी वाढत असावं, नको म्हणायला सवड देत नसावं.

"नाही जात," तो म्हणाला. "पोट भरलंय."

"सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेलं नाही तुम्ही. कुठे जेवून आलात?"

त्याने पान थोडं पुढे सरकवलं. हेमाने त्याच्या पानावर दुसरं पान उपडं घातलं आणि स्वतःही न जेवता तिथेच बसून राहिली, ऊन कलेपर्यंत.